मध्येच थांबणारं गाणं

आमची जी रेकॉर्ड लोकांना माहीत आहे, ती आमची नाही. असं म्हटलं की समोरचा माणूस हसतो. त्याला वाटतं मी विनय दाखवतोय. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता, हे माझ्या घरचे शपथेवर सांगतील. सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका कंपनीने आमची दोन गाण्यांची छोटी तबकडी काढली. नागपूरच्या लग्नांतून, गणपतींतून आणि कॉलेजच्या गॅदरिंगमधून ती वाजून वाजून घासली गेली. तिच्यावर आमच्या बँडचं नाव आहे, गळा माझा आहे, गिटार माझी आहे. ड्रम्स मात्र आमच्या ड्रमरचे नाहीत. तीन माणसांच्या बँडमध्ये ड्रमरच दुसरा असेल तर तो बँडच दुसरा, असं माझं मत आहे आणि यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. इतकी वर्षं भांडतोच आहे.

खरा आमचा बँड ऐकायचा तर आमच्या स्पूलच्या टेपा ऐकाव्या लागतील. त्या फार लोकांनी ऐकलेल्या नाहीत, आणि ज्यांनी ऐकल्या त्यांनी नाकं मुरडली. एका टेपेत मागे कोंबडी ओरडते. एका गाण्यात माझी गिटार प्रत्येक कडव्याला थोडी थोडी उतरत जाते, कारण ते आम्ही भर मे महिन्यात टिनाच्या छपराखाली वाजवलं होतं आणि तारांना तो उन्हाळा सोसला नाही. प्रेमाचं म्हणून एक गाणं आहे, त्यात मी इतका बेसूर आहे की माझी बायको अजून त्यावरून मला चिडवते. तरीही त्या टेपांबद्दल मी चांगलंच बोलणार आहे. "पण रेकॉर्डिंग फार कच्चं आहे हो" असं ज्याला म्हणायचं असेल त्याने इथूनच घरी जावं.

आम्ही तिघं होतो. मी रामदासपेठेतला. बंगल्यातला नव्हे, एका डॉक्टरांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांतला. माझे वडील त्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. गिटार मी लाकूडकाम करणाऱ्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडून करून घेतली होती. ती लग्नमंडपाच्या लाउडस्पीकरला जोडून मी पहिल्यांदा वाजवली, तेव्हा डॉक्टरांनी वडिलांना बोलावून काळजीने विचारलं, मुलाला काही त्रास होतोय का. त्यानंतर घरात वाजवणं बंद झालं. बेस गिटारवाला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा. नाताळात रेल्वेच्या हॉलमध्ये नाच व्हायचा, तिथली गाणी ऐकून तो वाढला होता. त्याचा मामा जहाजावर होता आणि त्याने आणलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर ही आमची सगळी इस्टेट. पण क्वार्टरच्या भिंती पातळ, शेजारी रात्रपाळी करून दिवसा झोपणारे. तिथूनही आम्हाला हाकललं गेलं.

राहिला ड्रमर. तो पाचपावलीकडचा, कोष्ट्यांच्या वस्तीतला. त्याच्या घरी हातमाग होता. बाप लुगडी विणायचा, आई कांड्या भरायची, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची, आणि हा खांद्यापर्यंत केस वाढवून मागच्या खिशात कंगवा ठेवून फिरायचा. मागाचा त्याला मनापासून तिटकारा होता. बाप काय करतो असं कोणी विचारलं तर "बिझनेस" म्हणायचा. लग्नाच्या एका बँडमध्ये तो साइड ड्रम वाजवायला शिकला आणि तो बँड मोडला तेव्हा त्यांचा मोठा ढोल घरी घेऊन आला. आमचा ड्रमसेट हा असा होता.

शेवटी आम्ही त्याच्याच घरी वाजवायला लागलो. कारण अगदी साधं होतं. त्या गल्लीत सकाळपासून दिवे लागेपर्यंत प्रत्येक घरातून खटक-खट्, खटक-खट् चालू असायचं. तिथं आवाजाची तक्रार करायला कोणाला तोंडच नव्हतं. उलट आमचं वाजवणं सुरू झालं की शेजारचा म्हातारा आपल्या मागावरून विचारायचा, "आज हळू काहून वाजवून राहिले बे पोट्टेहो?"

अडचण एकच होती. घरातली मोठी खोली एकच, आणि त्या खोलीभर माग पसरलेला. मागावर ताणा चढलेला असला, म्हणजे विणायचं लांब सूत लावलेलं असलं, की तिथं पाय ठेवायची कोणाची टाप नव्हती. एक ताणा विणून संपला आणि दुसरा यायचा होता, एवढ्या मधल्या दिवसात काय ती खोली मोकळी व्हायची. ड्रमरचा बाप तयार लुगडी घेऊन इतवारीत व्यापाऱ्याकडे गेला की आम्ही सायकलींवर सामान लादून हजर. आमच्या सगळ्या टेपा अशा दोन ताण्यांच्या मधल्या आहेत. कोणी मला आमच्या बँडचा काळ विचारला तर मी वर्षं सांगत नाही, हेच सांगतो.

माग खड्ड्याचा होता. विणणारा जमिनीत केलेल्या खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो आणि पायाखालच्या पट्ट्या दाबतो. आमचा मोठा ढोल सारवलेल्या जमिनीवर ठेवला की प्रत्येक ठोक्याला पुढं सरकायचा. दोन गाण्यांत तो दारापर्यंत जायचा. विटा लावून पाहिल्या, पोतं घालून पाहिलं. मग बेसवाल्याने तो उचलला आणि मागाच्या खड्ड्यात ठेवला. ढोल हलायचा बंद झाला, आणि आवाज असा खोल आला की आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. मागाची फणी आणि उरलेले धागे गुंडाळून वर आढ्याला बांधायचे आणि ड्रमरने पाय खड्ड्यात सोडून बापाच्या जागेवर बसायचं, असं ठरून गेलं. त्याला ते अजिबात आवडलं नाही. बापाने एकदा दारातून पाहिलं, बिडी पेटवली आणि म्हणाला, "बसला तं शेवटी तिथंच." ड्रमर त्या दिवशी एवढा चिडून वाजवत होता की ढोलाचं कातडंच फाटायचं बाकी होतं. ते गाणं आमच्याकडे टेपेवर आहे. फार सुंदर आहे.

आता ज्या टेपेसाठी हे सगळं सांगतोय तिच्याकडे येतो. पण त्या घरातली एक रीत आधी सांगायला हवी. विणताना धागा तुटला, कोष्टी त्याला तारच म्हणतात, की त्या घरात सगळं थांबायचं. विणणाऱ्याचा हात तर थांबायचाच, पण बोलणाऱ्याचं बोलणंही थांबायचं. धागा तुटल्यावर एक जरी फेरा पुढं गेला तर कापडात रेघ पडते आणि ती कशानेच जात नाही. म्हणून तुटलेलं डोळ्याला दिसायच्या आधी हात थांबला पाहिजे, हे तिथल्या पोरांना बोलता येण्याआधीपासून अंगवळणी पडलेलं. मी कितीदा पाहिलं, आम्ही गप्पा मारतोय, आई स्वयंपाकघरात आहे, आणि मागाचा आवाज मध्येच तुटला की ती भाकरी थापता थापता थांबायची, आतूनच हाक द्यायची, "तुटली काय गा?" बाहेरून "हाव" आलं की पुन्हा भाकरी. धागा जोडला जाईपर्यंत घर गप्प. आमच्या घरी वडील वारले तेव्हाही एवढी शांतता नव्हती.

हिवाळ्याचे दिवस होते. गाणं होतं संत्र्याच्या ट्रकवर बसून घरून पळून जाणाऱ्या एका पोराचं. शब्द माझे, चालही माझीच, पण त्याचा जीव ड्रम्समध्ये होता. ट्रक जसा चढावर दम खातो आणि मग उतारावर सुटतो तसं ड्रमरने ते बांधलं होतं. टेपेचा तेवढाच तुकडा कोरा उरला होता. बापाचा निरोप आला होता की नवा ताणा घेऊन तो जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचेल, म्हणजे खोली खाली करायची. एकदाच वाजवायचं आणि नीट वाजवायचं, असं आम्ही ठरवलं. गाणं छान चाललं. पोरगा घरून निघाला, बागेत गडी संत्र्याचा माल चढवत होते, पोरगा मागच्या बाजूने ट्रकवर चढला, आणि माझ्या गिटारची तार टण् करून तुटली.

गिटारच्या पातळ तारा तेव्हा मिळायच्या नाहीत, मी सतारीच्या लावायचो. त्या कधीही तुटायच्या. तार तुटली की बाकीच्यांनी वाजवत राहायचं असतं, हे जगातल्या कोणत्याही बँडला माहीत आहे. बेसवाला वाजवतच होता. पण ड्रमर थांबला. टिपरं हवेत, पाय खड्ड्यात, आणि तो थांबला. बेसचे दोन-चार सूर पुढं गेले आणि तेही बिचारे लाजून बंद पडले. टेपरेकॉर्डर मात्र चालूच राहिला. कारण त्याच्याकडे हात नेण्याचंही कोणाला सुचलं नाही. त्या शांततेत आतून आईची हाक आली, "तुटली काय गा?" आणि ड्रमर म्हणाला, "हाव वं माय."

मी तार काढली, दुसरी लावली, कान पिळून सुरात आणली. हे सगळं टेपेवर ऐकू येतं, माझं शिव्या पुटपुटणंसुद्धा. आणि मग, मी मान वर केली मात्र, ड्रमरने एक-दोन-तीन न म्हणता, जिथं सोडलं होतं त्याच्या पुढच्या ठोक्यापासून सुरू केलं. पुढच्याच. मधे काही झालंच नाही अशा थाटात. आम्ही दोघं त्याच्यामागे धावलो. ट्रक सुटला तो असा सुटला की आमच्या सगळ्या वाजवण्यात मी तसं दुसरं काही ऐकलेलं नाही. गाणं संपलं आणि दारात सायकलची घंटी वाजली. बाप ताणा घेऊन आला होता. ती घंटीही टेपेत आहे.

ड्रमर खड्ड्यातून बाहेर आला तो लाल झालेला. "मिटव ते," म्हणाला.

"कायले? एवढं भारी झालं," मी म्हटलं.

"मधात थांबलो मी. पागल म्हणतीन लोकं."

पुन्हा वाजवायला ना टेप होती ना खोली. बाप ताणा उतरवत होता. मिटवायचं राहिलं ते राहिलंच.

हीच टेप आम्ही मुंबईच्या कंपनीला पाठवली. दुसरी कुठली पाठवणार होतो? ज्यात कोंबडी आहे ती? कंपनीकडून बोलावणं आलं तेव्हा आम्ही सीताबर्डीच्या बाजारात जाऊन एकसारखे शर्ट शिवून घेतले. मुंबईत स्टुडिओत जो साहेब होता तो बोलायला गोड होता. आम्हाला बसवलं, चहा पाजला, आणि सगळ्यांसमोर आमची टेप लावली. तार तुटली तिथं तो हसला. टेप बंद करून ड्रमरला म्हणाला, "तार गिटारची तुटली. मग तू का थांबलास?"

ड्रमरला उत्तर माहीत होतं. मलाही माहीत होतं, बेसवाल्यालाही. ड्रमर म्हणाला, "ध्यानात नाही आलं."

साहेब म्हणाला, हरकत नाही, होतं असं, पण इथं घड्याळावर काम चालतं. आमच्याकडचा माणूस वाजवेल, तुम्ही दोघं त्याच्याबरोबर वाजवा. मी गिटार खाली ठेवली आणि म्हटलं, मग आम्ही निघतो. मी खरंच निघालो होतो. ड्रमरनेच ती गिटार उचलली आणि तिचा पट्टा माझ्या गळ्यात घातला. "वाजव बे," म्हणाला, "आलो आहो एवढ्या दूर." आणि तो बाहेर बाकावर जाऊन बसला. नवा शर्ट घालून. आत त्यांचा माणूस आला, पायातले बूट काढले, एकदा ऐकलं आणि बिनचूक वाजवलं. त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही. ट्रक मात्र त्याच्या हातून कुठल्याच चढावर चढला नाही. तो सपाट रस्त्यावरून गेला.

परतीच्या गाडीत मी ड्रमरवर भडकलो. "सांगायचं होतं ना त्याले, काहून थांबला ते."

"काय सांगू?" तो म्हणाला. "माहा बाप लुगडी विणते म्हणून थांबलो, असं सांगू? मी ड्रमर हाय बे. हे वाजवतो कायच्यासाठी? त्या खड्ड्यातून निघाले पाहिजे म्हणून. आन तो खड्डा साला माह्याच हातात बसला आहे." मग तो वरच्या फळीवर चढला आणि तोंडावरून चादर ओढून घेतली.

रेकॉर्ड चालली. रेडिओवर लागली. रस्त्यात लोक थांबवून सांगायचे, ड्रम्स काय जबरदस्त आहेत भाऊ. ड्रमरला सांगायचे. तो "हो जी" म्हणून पुढं जायचा. एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं, त्याच रेकॉर्डच्या ड्रम्ससाठी. तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला, आणि ती तबकडी माझ्या मनातून कायमची उतरली. नंतर एक दिवस त्याने ढोल आढ्याला टांगला आणि कापडगिरणीत नोकरी धरली. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "मस्त काम हाय. तिथं सूत तुटलं का मशीन आपोआप बंद पडते. मले थांबायचं कामच नाही." हे तो हसत म्हणाला. मला नाही हसू आलं.

बँड संपला. बेसवाला परदेशी गेला, जाताना टेपरेकॉर्डर आणि सगळे स्पूल माझ्या गळ्यात मारून गेला. मी सीताबर्डीत दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक टेबल आणि वर ताडपत्री. टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो आणि कॅसेट विकायचो. ऐंशीच्या दशकात कॅसेटचा असा सुकाळ झाला की दाढी करायच्या दुकानातसुद्धा कॅसेटी विकायला ठेवलेल्या असत. इतवारीतला एक कॅसेटवाला मला माल द्यायचा. त्याला कळलं की त्या रेकॉर्डवाला मीच. तो म्हणाला, तुमची ती दोन गाणी घेऊन, जुनी बाकीची भरून एक कॅसेट काढू. मी त्याला स्पूल ऐकवले. कोंबडी चालली त्याला, माझा बेसूर गळाही चालला. ट्रकच्या गाण्याला तो म्हणाला, "भाऊ, मधातलं ते काढून टाका. ब्लेड मारा अन् चिकटवा. लोकं म्हणतीन कॅसेट खराब."

टेप ब्लेडने कापून जोडायचं काम मी रोज करत होतो. पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, निघणार नाही.

"तं मंग मी नाही काढत."

"नका काढू," मी म्हटलं. माझ्याकडे दोन डेकचा रेकॉर्डर होता. मीच भरणार होतो, मीच विकणार होतो, आणि मुंबईत भरलेली ती दोन गाणी तशी त्यात घेणारच नव्हतो. कोणाच्या बापाला विचारायची गरज नव्हती. फक्त एका माणसाला विचारायचं होतं.

त्याच्या सुटीच्या दिवशी सकाळी मी टेपरेकॉर्डर सायकलला बांधून पाचपावलीला गेलो. त्याचा बाप वारला होता. माग मोडून टाकला होता आणि खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली होती. केस त्याने कापले होते. आई होती, आता कमी ऐकू यायचं तिला, मागच्या पडवीत बसून शेजाऱ्यांच्या कांड्या भरून द्यायची. मी काय करणार आहे ते ड्रमरला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते मधातलं काप."

"नाही कापत."

"गाणं तुह्या एकट्याचं हाय काय? माही चूक गावभर काहून वाजवून राहिला तू?"

"चूक नाही ते."

"तू ठरवणार? थांबलो मी होतो."

मग माझंही डोकं फिरलं. "रेकॉर्डवर तू नाही," मी म्हटलं. "जगात कुठंच तू नाही बे! लोकं दुसऱ्याच्या हाताची तारीफ तुह्या तोंडावर करते अन् तू हो जी म्हणते. फक्त इथं आहे तू. अन् इथूनही तुले कापू?"

"नसलो तरी चालते मले," तो म्हणाला.

मी टेप लावली, पार आवाज चढवून. गाणं सुरू झालं. तो खिडकीकडे तोंड करून बसला. पोरगा निघाला, गडी माल चढवत होते, पोरगा ट्रकवर चढला. टण्.

आणि मागच्या पडवीतून म्हातारी ओरडली, "तुटली काय गा?"

"हाव वं माय," ड्रमर म्हणाला.

तो बोलून गेला आणि मग टेपेतून तिचा तरुण आवाज आला, "तुटली काय गा?" आणि त्याचा स्वतःचा, "हाव वं माय." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला रडू कोसळलं. सांगायला लाज नाही, मी त्या फरशीवर बसून ढसाढसा रडलो. तो हसत होता की काय करत होता मला कळलं नाही, त्याने तोंड फिरवलेलंच होतं.

म्हातारी भिंतीला धरत धरत बाहेर आली. खोलीत चहूकडे पाहिलं. "माग तं नाही इथं," म्हणाली. "मंग तुटलं काय? अन् हा काहून रडून राहिला?"

मी तिला टेपेचं सांगितलं. तिने ते पुन्हा लावायला लावलं, टेपरेकॉर्डरला कान भिडवून ऐकलं. स्वतःचा आवाज ऐकून पदर तोंडाला लावला. मग विचारलं, तुम्ही भांडत कशावरून होता. मी म्हटलं, हा मधे थांबला ते काप म्हणतो.

तिने लेकाकडे पाहिलं. तिला खरंच समजत नव्हतं. "तार तुटल्यावर थांबाव नाही तं काय कराव?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा आपल्या कांड्यांकडे गेली.

टेप पुढं चालत होती, ट्रक उतारावर सुटला होता. ड्रमरची बोटं गुडघ्यावर वाजत होती, त्याच्या नकळत. गाणं संपल्यावर तो उठला, पाणी प्याला आणि म्हणाला, "ड्रमवर माहं नाव टाक. मोठ्या अक्षरात."

मी कॅसेट काढली. तिने काही क्रांती केली नाही. बर्डीवर येणाऱ्याजाणाऱ्यांनी रेकॉर्डच्या ओढीने घेतली आणि घरी जाऊन पाहतात तो रेकॉर्डवरचं वाजवणं त्यात नाहीच. वर हे ट्रकचं प्रकरण. लोक परत घेऊन यायला लागले. मधेच बंद पडते म्हणे. पहिल्या एक-दोघांना मी बदलून दिली, तर ते दुसऱ्या दिवशी तीही घेऊन आले, हीसुद्धा तिथंच बंद पडते म्हणून. नंतर मी समजावून सांगायचो. लांबलचक सांगायचो, हातवारे करून. गिऱ्हाईक माझ्याकडे पाहायचं आणि शेजारच्या टेबलवाल्याला विचारायचं, हा ठीक आहे ना.

ड्रमर दुकानावर यायला लागला होता. गिरणी सुटली की यायचा, स्टुलावर बसायचा, फार बोलायचा नाही. कॅसेटवरचं आपलं नाव बोटाने पुसून पाहायचा, शाई निघते का म्हणून. एका संध्याकाळी एक तरणा मुलगा तणतणत आला. छान कपडे, गॉगल. कॅसेट टेबलावर आपटली. "काय जी, खराब माल विकता काय? चांगलं गाणं चालू असते अन् मधात थांबते."

मी तोंड उघडलं होतं. ड्रमर स्टुलावरून उठला. रस्त्यावर गर्दी होती, दोन-चार लोक वळून पाहत होते.

"थांबत नाही ते," तो म्हणाला. "मी थांबलो. ड्रमवर मी आहो."

मुलगा गडबडला. "काहून पण? काहून थांबले तुम्ही?"

"कोष्टी आहो आम्ही," ड्रमर म्हणाला. मोठ्याने म्हणाला, पलीकडच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या. "तार तुटली का आमचा हात थांबते. मग जोडतो, अन् तिथूनच पुढं विणतो. पुढचं ऐकलं काय तू?"

मुलाने मान हलवली. नव्हतं ऐकलं. त्याने एकदा ड्रमरकडे पाहिलं, मग कॅसेटकडे, मग मदतीसाठी माझ्याकडे.

"बदलून मिळणार नाही," मी म्हटलं.